घराची सजावट आणि मनाची घालमेल

'घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून' ही म्हण आपण सारेच लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तिचा अर्थ सांगताना आपण बहुधा पैशाची गोष्ट काढतो. खर्चाचा अंदाज चुकतो, हात ओला करता करता कंबर मोडते, असं म्हणतो. ते खरंच आहे. परंतु या म्हणीत आणखीही एक अनुभव दडलेला आहे. घर आणि लग्न या दोन्ही कार्यांत माणसाला थोडक्या दिवसांत फार गोष्टी ठरवाव्या लागतात, आणि ठरवून ठरवून त्याचं डोकं शिणून जातं. भिंती उभ्या राहतात, स्लॅब पडतो, गिलावा होतो; आणि मग रंग कोणता, फरशी कोणती, ओटा केवढा, पडदे कसले, इथं येऊन गाडं अडतं. घरात कुरबुर सुरू होते. मिस्त्री रोज विचारतो, "भाऊ, ठरलं का?" आणि भाऊंना झोप लागत नाही. आज आपल्याला या अडलेल्या गाड्याविषयी थोडा विचार करायचा आहे.

प्रथम हे पाहू या, की ही अडचण आपल्या आजोबांना का आली नाही. खानदेशातलं जुनं घर डोळ्यांपुढे आणा. मातीच्या जाड भिंती, वर लाकडाच्या तुळया आणि कड्या, त्यांवर काड्या-पाला अंथरून पांढरी खारी माती दाबून केलेलं धाबं. पुढे ओटा, भिंतीत देवळी आणि कोनाडे, खाली शेणानं सारवलेली जमीन. रंग म्हणाल तर चुना, फार तर त्यात चिमूटभर नीळ, आणि खालच्या बाजूला गेरूचा पट्टा. श्रावणात कानबाई बसायची म्हणून घर पांढरं करायचं, आखाजीला लेकी माहेरी यायच्या म्हणून ओटा नीटनेटका करायचा. माती गावची, लाकूड बांधावरच्या निंबाचं नाही तर सातपुड्यातलं. 'कोणती छटा हवी?' हा प्रश्न आजोबांना कुणी विचारलाच नाही. त्या घराचं मी कौतुकच करणार आहे असं समजू नका. धाबं पावसात गळायचं, भिंतीत विंचू निघायचे, धुरानं बायकांचे डोळे जायचे, आणि सारवण्या-लिंपण्याचे कष्ट वर्षानुवर्षं आपल्या आया-आज्यांनीच उपसले. मात्र ठरवण्याचं ओझं त्या घरात नव्हतं, एवढं खरं.

आता आजचा हिशोब मांडू. रंगाच्या दुकानात एक यंत्र असतं. मूळच्या पांढऱ्या रंगात थेंब थेंब रंगद्रव्य सोडून ते हवी ती छटा तयार करून देतं. मोठ्या कंपनीच्या नमुन्यांच्या पुस्तकात अशा हजाराच्या वर छटा असतात. फरशीच्या दुकानात गेलात तर शहाबादी, कोटा, ग्रॅनाइट, सिरॅमिक, व्हिट्रिफाइड. पुन्हा त्यात चकचकीत की खरखरीत, लहान की मोठी. नळ, बटणं, दाराच्या कड्या, खिडकीच्या जाळ्या, पीओपीचं छत, प्रत्येकाचे पन्नास प्रकार. त्यात हातातला मोबाइल रात्री अकरा वाजतादेखील नवे फोटो दाखवीतच राहतो. शिक्षकबंधूंनी वर्गात घालावं असं एक साधं गणित सांगतो. भिंतीचे फक्त पाच रंग, फरशीचे पाच नमुने, पडद्याचे पाच आणि दाराच्या रंगाचे पाच, एवढेच निवडून ठेवले तरी त्यांच्या जुळण्या किती होतात? पाच पाचे पंचवीस, पंचवीस पाचे सव्वाशे, सव्वाशे पाचे सहाशे पंचवीस! ही झाली एका खोलीची कथा. माणूस गांगरला तर त्यात त्याचा दोष तो काय?

आपल्या भागात या गांगरण्याला ऋतुमानाचीही जोड मिळते. कापूस वेचून विकला जातो, रावेर-यावलकडे केळीचा घड कापला जातो, तेव्हाच शेतकऱ्याच्या हातात चार पैसे एकरकमी येतात. वैशाखात घरात लग्न धरलेलं असतं आणि मृगापूर्वी बाहेरचं काम उरकायचं असतं. नोकरदार गुरुजींचं म्हणाल, तर भविष्य निर्वाह निधीतून काढलेली रक्कम आणि उन्हाळ्याची सुट्टी यांची गाठ पडेल तेव्हाच काम काढता येतं. म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा करायच्या पन्नास गोष्टी दीड महिन्यात ठरवायच्या. भाजी घेताना आपण शिकत जातो. आज वांगं किडकं निघालं तर पुढच्या बाजाराला आपण देठ पाहून घेतो. फरशीच्या बाबतीत पुढचा बाजार येईपर्यंत नातू शाळेत जायला लागलेला असतो. चूक झाली तर ती रोज पायाखाली राहणार, ही धास्ती मनात बसते. आणि वरून सल्लागार! मेहुणे एक सांगतात, शेजारचे आबा दुसरं, रंगारी तिसरं. सगळेच आपले, म्हणून कुणाचं मोडवत नाही.

मी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवितो. आमच्या शास्त्रात पूर्वी असं मानलं जाई, की माणसाला जितके पर्याय जास्त तितकं त्याचं भलं. सन २००० मध्ये शीना अय्यंगार आणि मार्क लेपर या दोन संशोधकांनी अमेरिकेतल्या एका किराणा दुकानातला प्रयोग प्रसिद्ध केला. दुकानात मुरंब्यासारख्या जॅमच्या बाटल्या चाखायला मांडल्या होत्या. कधी २४ प्रकार, तर कधी फक्त ६. चोवीस प्रकारांपाशी अधिक गिऱ्हाईक थांबलं; पण थांबणाऱ्या शंभरांपैकी जेमतेम तिघांनी बाटली विकत घेतली. सहा प्रकारांपाशी थांबणाऱ्या शंभरांपैकी तीसजणांनी घेतली. मौज पाहायला गर्दी झाली, खरेदी करताना मात्र हात अडखळला.

अर्थात एका प्रयोगावरून सिद्धान्त करू नये. २०१० साली अशा अनेक प्रयोगांचा एकत्र हिशोब मांडला गेला, तेव्हा असं दिसलं, की पर्याय वाढले म्हणजे माणूस नेहमीच गोंधळतो असं नाही. सरासरीनं पाहता परिणाम जवळजवळ शून्यच आला. मग गोंधळ केव्हा होतो? यावर पुढे झालेल्या अभ्यासातून जी उत्तरं निघाली, ती ध्यानात ठेवण्याजोगी आहेत. आपल्याला नेमकं काय हवं हे आधीपासून ठाऊक नसेल तेव्हा, पर्याय एकमेकांशी ताडून पाहणं अवघड असेल तेव्हा, आणि ठरवण्याचं काम मुळातच किचकट किंवा घाईचं असेल तेव्हा. घराच्या सजावटीत ही सारी लक्षणं एकाच वेळी हजर असतात. पण त्यातूनच उपायही सुचतो. दुकानातले पर्याय आपण कमी करू शकत नाही. आपल्याला काय हवं हे दुकानाची पायरी चढण्यापूर्वी ठरवू शकतो.

या बाबतीत हर्बर्ट सायमन या अमेरिकी विद्वानाचा विचार फार उपयोगी पडतो. १९७८ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं. १९५६ मध्ये त्यांनी मांडलं, की खरा माणूस जगातली सर्वांत उत्तम गोष्ट शोधत बसत नाही, कारण तेवढा वेळ आणि तेवढी माहिती कुणाजवळच नसते. तो मनाशी एक माप ठरवतो, आणि त्या मापात बसणारी पहिली गोष्ट दिसली की ती घेऊन पुढे जातो. या रीतीला त्यांनी 'सॅटिस्फायसिंग' असं नाव दिलं. आपण त्याला 'पुरेसं चांगलं' म्हणू. आपला शेतकरी बैल घेताना हेच करतो. बाजारातला प्रत्येक बैल तो तपासत नाही. दात, खूर, चाल आणि किंमत, एवढं मनात धरून जातो. जमलं की दोर हातात घेतो. तीच रीत फरशीला का लावू नये?

माप आधी ठरवण्याचं एक जुनं उदाहरण धुळे जिल्ह्यातच सापडतं. पांझरा नदीच्या काठी, साक्री-धुळे भागात, फड बागायतीची पद्धत शतकानुशतकं चालत आली. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड पाडायचे. एका फडात साऱ्यांनी एकच पीक घ्यायचं. आणि कोणत्या फडात कोणतं पीक हे वर्षागणिक पाळीपाळीनं फिरवायचं. उसाला पाणी जास्त, भुसाराला कमी. सारं पीक एका जागी असलं की पाणी देणं सोपं. शेतकऱ्याच्या बाजूनं पाहा. पेरणीच्या वेळी दर वर्षी आणि दर वाफ्यामागे नवी चर्चा उरलीच नाही. एक नियम सगळ्यांनी मिळून आधी ठरवला, आणि पुढचे शंभर निर्णय आपोआप मार्गी लागले. घराचंही असंच आहे. 'साऱ्या घराला एकच फरशी, न्हाणीघराला तेवढी खरखरीत' किंवा 'साऱ्या भिंती एका फिक्या रंगाच्या, दारं-खिडक्या एका गडद रंगाच्या' असा एखादा नियम घरच्यांनी बसून ठरवला, तर सहाशे पंचवीस जुळण्यांपैकी सहाशे तिथंच गळून पडतात.

मर्यादा म्हणजे गरिबी, असं पुष्कळांना वाटतं. त्यांनी फैजपूरची आठवण करावी. २७ आणि २८ डिसेंबर १९३६ या दिवशी तेव्हाच्या पूर्व खानदेशातल्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं ते पहिलंच अधिवेशन. अध्यक्ष होते पंडित जवाहरलाल नेहरू. एवढ्या मोठ्या सोहळ्याची सजावट करायची, आणि गांधीजींचा आग्रह असा, की वापरायचं ते खेड्यात मिळणारं सामान, आणि काम घ्यायचं ते खेड्यातल्या कारागिरांकडून. त्यासाठी त्यांनी शांतिनिकेतनहून नंदलाल बोस यांना बोलावून घेतलं. नंदलालबाबू चित्रकार, मंडप उभारणं हा आपला विषय नाही असा संकोच त्यांना वाटत होता. परंतु ते आले, आणि बांबू, तट्टे, गवत असल्या साध्या वस्तूंतून त्यांनी जी नगरी उभी केली, तिचं कौतुक गांधीजींनी जाहीरपणे केलं. याच नंदलालबाबूंनी पुढे १९३८ साली हरिपुरा अधिवेशन सजवलं, आणि भारताच्या राज्यघटनेच्या हस्तलिखित प्रतीची सजावटही त्यांच्याच देखरेखीखाली झाली. नंदलालबाबूंपुढे जगातलं सारं सामान मांडून 'हवं ते घ्या' असं म्हटलं असतं, तर काय झालं असतं कुणास ठाऊक. 'एवढंच वापरायचं' असं म्हटल्यावर कलावंताचं लक्ष वस्तू गोळा करण्यावरून मांडणीकडे वळलं. आपण कुणी नंदलाल नाही. पण हातात काय आहे ते पाहून त्याची नीट मांडणी करणं आपल्यालाही जमतं.

आता प्रत्यक्ष कामाला लागू. एक वही घ्या आणि ठरवायच्या गोष्टींचे दोन भाग करा. ज्या गोष्टी पुढे बदलायच्या तर फोडाफोड करावी लागेल, त्या एकीकडे. ज्या नुसत्या ब्रशनं किंवा खिळा काढून बदलता येतील, त्या दुसरीकडे. पहिल्या भागात पाण्याचे नळ, सांडपाण्याचा उतार, विजेच्या तारा, ओट्याची उंची, फरशी येतात. दुसऱ्या भागात भिंतीचा रंग, पडदे, तसबिरी, फळ्या. आपण करतो काय, तर दुसऱ्या भागावर पंधरा दिवस भांडतो आणि पहिला भाग मिस्त्रीवर सोपवून देतो. वास्तविक हे उलट पाहिजे. विजेचं बटण कुठं यावं यासाठी एक संध्याकाळ द्या; रंगासाठी एक सकाळ पुरे. रंग चुकला तर चार वर्षांनी पुन्हा द्यायचाच आहे. न्हाणीघराचा उतार चुकला तर पाणी जन्मभर दाराशी साचेल.

काम ज्या क्रमानं होतं, त्याच क्रमानं निर्णय घ्या. आधी गळती आणि ओल, मग नळ आणि तारा, मग गिलावा, मग फरशी, मग सुतारकाम, शेवटी रंग, आणि त्यानंतर पडदे. ज्या गोष्टीची पाळी आलेली नाही तिच्याविषयी घरात बोलायचंच नाही, असा नियम करा. पडद्याचं भांडण गिलाव्याच्या दिवशी काढणं म्हणजे साखरपुड्याआधी बारशाच्या नावावरून रुसणं होय.

प्रत्येक गोष्टीला तीन प्रश्न विचारा. पहिला प्रश्न आपल्या उन्हाचा आणि मातीचा. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. अशा ठिकाणी बाहेरच्या भिंतीला, विशेषतः पश्चिमेकडच्या, गडद रंग दिला तर ती भिंत ऊन पिऊन घेते आणि रात्री खोलीत ओकते. फिका रंग ऊन परतवतो. गच्चीवर दर उन्हाळ्यापूर्वी पांढरा चुना फासला तरी खालच्या खोलीत फरक जाणवतो, आणि हा खर्च पीओपीच्या छतापेक्षा कितीतरी कमी आहे. दुसरं आपल्या काळ्या मातीचं. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि पाया नीट नसला तर भिंतीला तडे जातात. तड्यावर रंग फासून तो बुजत नाही. शक्य तर एक पावसाळा जाऊ द्यावा, तडा वाढतो का पाहावं, आणि दुरुस्ती करून मगच रंगाचा विचार करावा. सिमेंटचा नवा गिलावाही निदान महिनाभर वाळू द्यावा. ओल्या भिंतीवर दिलेला रंग पापुद्रे धरतो, आणि दोष मात्र रंगाला मिळतो.

दुसरा प्रश्न, घरात राहणारं कोण? घरात आजी असेल तर चकचकीत फरशी दुकानात कितीही शोभली तरी ओल्या पायाला ती घसरडी असते. म्हातारपणी खुब्याचं हाड मोडलं तर माणूस अंथरूण धरतं. त्यापुढे फरशीची चमक काय करायची? न्हाणीघरात, मोरीपाशी आणि पायऱ्यांवर खरखरीत फरशीच घाला. घरात लहान मूल असेल तर रंगाचा डबा पाहून घ्या. घरगुती आणि सजावटीच्या रंगात शिशाचं प्रमाण दर दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त असू नये, असा नियम केंद्र सरकारनं २०१६ साली केला आणि तो नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आला. शिसं मुलांच्या मेंदूला अपाय करतं. म्हणून जुनी रंगवलेली दारं कोरडी घासून भुकटी उडवू नये; पाणी लावून घासावी, आणि मुलांना त्या खोलीपासून दूर ठेवावं. तिसरा प्रश्न, ही वस्तू झाडायची-पुसायची कुणी? नक्षीकाम जितकं जास्त, तितकी वैशाखातली धूळ त्यात बसणार. या तिन्ही प्रश्नांना उतरल्यावर मगच 'सुंदर दिसतं का?' हे विचारा. तोवर पन्नास नमुन्यांचे पाच-सहाच उरलेले असतात.

आता थोडं दुकानातलं शहाणपण. कोणत्याही वस्तूचे तीनच नमुने घरी आणायचे, त्यांतून एक घ्यायचा. रंग पुस्तकातल्या बोटभर पट्टीवरून ठरवू नका. चारी भिंतींना रंग दिला की एका भिंतीचा उजेड दुसरीवर पडतो आणि रंग पट्टीपेक्षा गडद वाटतो. म्हणून मनात भरली त्याहून एक पायरी फिकी छटा घ्यावी. लहान डबा आणून दोन भिंतींवर दोन-दोन फुटांचे चौकोन रंगवा आणि सकाळी, भर दुपारी आणि रात्री दिव्याच्या उजेडात पाहा. फरशी घेताना एकाच घाण्यातली, म्हणजे एकाच बॅचची, साऱ्या खोक्यांवर एकच क्रमांक असलेली घ्या आणि तुटफुटीसाठी शेकडा दहा जास्त घ्या. पुढे तीच छटा मिळेलच असं नाही.

मोजमाप तर आधी हवंच. गुरुजींनी हे सातवीच्या मुलांकडून करून घ्यावं. खोली १० फूट बाय १२ फूट, उंची १० फूट. चारी भिंतींचं क्षेत्रफळ ४४० चौरस फूट. त्यातून सात बाय तीनचं एक दार, म्हणजे २१, आणि चार बाय तीनच्या दोन खिडक्या, म्हणजे २४, वजा केल्या की ३९५ उरले. जमीन १२० चौरस फूट. दोन बाय दोनच्या फरश्या बरोबर ३०, आणि शेकडा दहा जादा धरून ३३. एवढे आकडे कागदावर असले, की दुकानदाराशी बोलताना आपला आवाज बदलतो. मुलालाही कळतं, की क्षेत्रफळाचं गणित पुस्तकातून उठून आपल्या घरात आलं आहे.

यापुढचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ठरवतं कोण? आपल्याकडे पैसा पुरुषाच्या हातात, दुकानात जाणं पुरुषाचं, मिस्त्रीशी बोलणंही पुरुषाचंच. स्वयंपाकघरात मात्र उभं आयुष्य जातं ते घरच्या बाईचं. ओट्याची उंची मिस्त्री आपल्या सवयीनं ठरवतो, आणि पुढे वीस वर्षं घरची वहिनी वाकून किंवा खांदे उचलून पोळ्या लाटते. दुखणारी पाठ कुणाच्या हिशोबात येत नाही. उपाय किती सोपा! तिला सरळ उभं करा, हात कोपरात वाकवायला सांगा, आणि कोपराच्या चार-सहा बोटं खाली ओट्याची पातळी धरा. सासू आणि सून यांच्या उंचीत फरक असेल तर जी जास्त वेळ उभी राहते तिचं माप धरा. ज्याला जिथं राबायचं आहे, त्या जागेचा शेवटचा शब्द त्याचा, हा नियम पाळला तर घरातली अर्धी भांडणं सुरूच होणार नाहीत. अभ्यासाच्या कोपऱ्यात मुलीचा शब्द, देवळीपाशी आजीचा, ओट्यावर वहिनीचा. मेहुण्यांचा सल्ला आदरानं ऐकून चहा द्यावा.

सुगरण पक्ष्याचा खोपा आपल्या खानदेशाला नवा नाही. आसोद्याच्या लेकीनं, आपल्या बहिणाबाईंनी, त्यावर गाणं रचलं आणि तो खोपा साऱ्या महाराष्ट्राच्या मनात नेऊन टांगला. पक्षीशास्त्रज्ञ सालीम अली यांनी १९३० च्या सुमारास अलिबागजवळच्या किहीम येथे या पक्ष्याचा बारकाईनं अभ्यास केला. विणतो तो नर. पण तो खोपा एकदम पुरा करीत नाही. अर्धा विणून होतो, तेव्हा माद्या येऊन पाहतात. एखादीला पसंत पडला तर ती तिथं राहते, आणि मग तो बाकीचं विणकाम पुरं करतो. पसंत पडला नाही तर तो अर्धा खोपा सोडून दुसरा विणायला घेतो. म्हणूनच सुगरणीच्या झाडाला अर्धवट खोपे लटकलेले दिसतात. घर अर्धं असतानाच तिथं राहणारीला दाखवावं, बदल करायची वेळ तीच असते, एवढं शहाणपण त्या चिमुकल्या पक्ष्याजवळ आहे.

शेवटी मनाच्या विश्रांतीविषयी. दिवसाला एकच मोठी गोष्ट ठरवा, तीही सकाळी, पोटात काही घालून. रात्री दमलेल्या डोक्यानं घेतलेला निर्णय बहुधा 'जाऊ द्या, काहीही करा' असा असतो. एखाद्या गोष्टीवर आठ दिवसांत एकमत झालं नाही, तर ती पुढे ढकला. भिंत चुन्याची पांढरी ठेवा, पडद्याच्या जागी धुतलेलं जुनं लुगडं लावा, आणि वर्षभर राहून पाहा. ऊन कुठून येतं, पाहुणे कुठं बसतात, मुलं कुठं लोळतात, हे घरच आपल्याला सांगतं. आणि एकदा ठरलं, पैसे दिले, की पुन्हा त्या दुकानात जाऊ नका, मोबाइलवर ती चित्रं पाहू नका. न घेतलेल्या फरशीचे गुण नेहमीच जास्त दिसतात. खरं पाहता माणसाचा डोळा कशालाही लवकर सरावतो. उत्तम नमुनाही सहा महिन्यांनी नजरेत भरत नाही, आणि मनाविरुद्ध घेतलेला रंगही तेवढ्याच दिवसांत खटकेनासा होतो.

कर्जाबद्दल एक शब्द सांगून थांबतो. लगीनघर चार लोकांत उठून दिसावं म्हणून कापसाच्या पैशावर आणखी कर्ज काढून छत सजवणारी कुटुंबं आपण पाहतो. ते चार लोक तासभर बसतात, चहा घेतात आणि आपल्या गावी जातात. हप्ता मात्र आपल्याकडे मुक्कामाला राहतो. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर, एकही नमुना पाहण्यापूर्वी, एक आकडा लिहा, त्यातला दहावा भाग अडीअडचणीसाठी बाजूला काढा, आणि खाली घरातल्या सगळ्या मोठ्या माणसांच्या सह्या घ्या. मग दुकानात जा. हजार छटांपैकी नऊशे नव्वद त्या आकड्यानं आणि त्या तीन प्रश्नांनी आधीच बाजूला सारलेल्या असतील. उरलेल्या दहांतून घरातल्या पोरीला एक निवडू द्या.